मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच

मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ या वर्षाचा अर्थसंकल्प ४ फेब्रुवारी २०२५ रोजी सादर झाला, तेव्हा पालिका मुख्यालयात एक विचित्र प्रसंग सलग तिसऱ्या वर्षी पाहावयास मिळाला. अतिरिक्त आयुक्तांनी अर्थसंकल्पाची कागदपत्रे आयुक्त भूषण गगराणी यांच्या हाती दिली. गगराणी यांनी ती प्रशासक या नात्याने स्वीकारली. त्यांना मंजुरी देण्याचा अधिकारही त्यांचाच आणि मंजुरीनंतर खर्च करण्याचाही त्यांचाच. समोर नगरसेवक नव्हते, स्थायी समितीचा अध्यक्ष नव्हता आणि विरोधी पक्षनेताही नव्हता. छायाचित्रे काढण्यात आली, पत्रकार परिषद झाली आणि ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा हिशेब शहरापुढे ठेवला गेला. देशातील अनेक छोट्या राज्यांचे अर्थसंकल्प याहून लहान असतात.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील रचना याच्या नेमकी उलट आहे. आयुक्तांनी ५ फेब्रुवारीपर्यंत उत्पन्न व खर्चाचे अंदाज स्थायी समितीपुढे ठेवावेत, समितीने ते तपासून त्यांत फेरफार करावेत आणि आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी सभागृहाने त्यांवर शिक्कामोर्तब करावे, अशी ही पद्धत. खर्च करणारा वेगळा आणि त्याला संमती देणारा वेगळा, हे तत्त्व ब्रिटिश अमदानीत ठरले व पुढे शतकभर टिकले. मात्र सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि प्रभागांची संख्या व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांवरील न्यायालयीन वादात निवडणूक अडकली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतरही मुदतवाढ घ्यावी लागली आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. म्हणजे पावणेचार वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार प्रशासकांनी हाकला. आधी इक्बालसिंह चहल यांनी आणि मार्च २०२४ पासून गगराणी यांनी. यापूर्वी १९८४-८५ मध्ये पालिकेवर प्रशासक नेमला गेला होता. ती राजवट जेमतेम वर्षभराची होती.

या अधिकाऱ्यांच्या कार्यक्षमतेबद्दल शंका घेण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. आयुक्तांचे अर्थसंकल्पीय निवेदन हा मुळात चर्चेचा आरंभ असतो. प्रशासकीय राजवटीत तोच चर्चेचा शेवट ठरला. त्याचे परिणाम तीन ठिकाणी दिसतात: तिजोरीत, नागरिकांच्या सुरक्षिततेत आणि ज्याला हल्ली शाश्वत विकास म्हणतात त्या खात्यात.

तिजोरीपासून सुरुवात करू. २०२२-२३ चा अर्थसंकल्प ४५ हजार ९४९ कोटींचा होता. त्यानंतरच्या वर्षी तो ५२ हजार ६१९ कोटी, २०२४-२५ मध्ये ५९ हजार ९५४ कोटी आणि २०२५-२६ मध्ये ७४ हजार ४२७ कोटींवर गेला. तीन वर्षांत सुमारे ६२ टक्क्यांची ही वाढ. याहून लक्षवेधी बाब सुधारित अंदाजांत आहे. पालिकेचे सुधारित अंदाज मूळ अंदाजांपेक्षा खाली येतात, हा जुना अनुभव. तरतूद मोठी, खर्च कमी, अशी टीका त्यावर दरवर्षी होत असे. प्रशासकीय काळात उलटे घडले. २०२३-२४ चा अंदाज वर्षअखेरीस ५४ हजार २५६ कोटींवर, तर २०२४-२५ चा ६५ हजार १८० कोटींवर नेण्यात आला. म्हणजे एका वर्षात पाच हजार कोटींहून अधिक रकमेचा वाढीव खर्च वर्षाच्या मध्यावर मंजूर झाला आणि ज्यांनी तो मागितला त्यांनीच तो दिला. कामे वेगाने झाली, असे याचे समर्थन करता येईल आणि त्यात तथ्यही आहे. पण वेगाची किंमत कोणत्या वर्षी व कोणी मोजायची, हे विचारणारे कोणी त्या दालनात नव्हते.

२०२५-२६ च्या एकूण तरतुदीपैकी ४३ हजार १६२ कोटी, म्हणजे ५८ टक्के रक्कम, भांडवली खर्चासाठी होती. सागरी किनारा मार्गाचा उत्तरेकडील विस्तार, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, रस्त्यांचे काँक्रिटीकरण, मलजल प्रक्रिया केंद्रे अशी ही यादी आहे. नियोजित व चालू प्रकल्पांचे एकूण दायित्व सुमारे २ लाख ३२ हजार कोटींवर गेल्याचे त्याच वेळी समोर आले. पालिकेच्या ठेवी मात्र सुमारे ८२ हजार कोटींवर उतरल्या होत्या. काही वर्षांपूर्वी त्याच ९२ हजार कोटींच्या आसपास होत्या. या ठेवींतील मोठा हिस्सा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा अशा कारणांसाठी बांधलेला असतो. तो मोकळा पैसा नव्हे. 'श्रीमंत पालिका' हे बिरुद मिरवताना ही बाब सहसा विसरली जाते.

उत्पन्नाची बाजूही तितकीशी निर्धास्त नाही. १ जुलै २०१७ पासून जकात बंद झाली आणि वस्तू व सेवा कराच्या बदल्यात राज्य शासनाकडून मिळणारी भरपाई हा पालिकेचा सर्वांत मोठा आधार झाला. २०२५-२६ साठी ती १४ हजार ३९८ कोटी गृहीत धरण्यात आली होती. पाठोपाठ विकास नियोजन खात्याचे ९ हजार ७०० कोटी, म्हणजे प्रामुख्याने बांधकामांना मिळणाऱ्या वाढीव चटईक्षेत्राचे अधिमूल्य. मालमत्ता करातून अपेक्षित होते ५ हजार २०० कोटी. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून हा कर माफ आहे आणि २०२० मध्ये अपेक्षित असलेली करसुधारणा करोनाच्या साथीत पुढे ढकलली गेली. थोडक्यात, पहिला आधार मंत्रालयाच्या हाती, दुसरा घरबांधणीच्या बाजाराच्या हाती आणि तिसऱ्याला हात लावण्यास कोणी तयार नाही. घरांची विक्री मंदावली की अधिमूल्य आटते. प्रकल्पांची देयके मात्र थांबत नाहीत. कचरा संकलनासाठी घरटी शुल्क आकारण्याचा मसुदा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामागे हीच चणचण होती. त्यास अपेक्षेप्रमाणे विरोध झाला. बेस्टला याच अर्थसंकल्पात एक हजार कोटींचे अनुदान देऊनही ९ मे २०२५ पासून किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये करावे लागले.

आता सुरक्षिततेकडे वळू. अर्थसंकल्पीय निवेदनात सुरक्षितता सहसा वस्तूंच्या रूपाने येते. अग्निशमन दलासाठी उंच शिड्या, नवी केंद्रे, सीसीटीव्ही, आपत्कालीन नियंत्रण कक्षाचे आधुनिकीकरण. या वस्तू आवश्यकच आहेत. परंतु गेल्या काही वर्षांत मुंबईत माणसे ज्या कारणांनी दगावली ती पाहिली, तर वस्तूंचा तुटवडा हे कारण क्वचितच सापडते.

१३ मे २०२४ रोजी वळिवाच्या वादळात घाटकोपरच्या छेडानगर येथील महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. पालिकेच्या नियमांनुसार जाहिरात फलकाची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट. हा फलक त्याच्या किती तरी पट मोठा होता. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील, त्यामुळे परवानगी कोणाची, या वादात तो उभा राहिला आणि महामार्गावरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना दिसत राहिला. त्याची उंची मोजण्यासाठी भांडवली तरतुदीची गरज नव्हती. अनुज्ञापन खात्यातील एखाद्या निरीक्षकाचा एक दिवस आणि त्याच्या अहवालावर वेळीच झालेली स्वाक्षरी पुरेशी होती. दुर्घटनेनंतर निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि फलकांचे नवे धोरण आखण्याचे काम सुरू झाले. आपल्याकडे धोरणे बहुधा अशा क्रमानेच येतात.

पुलांची कथाही वेगळी नाही. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला. त्यानंतर तपासण्या झाल्या. त्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पूल किरकोळ दुरुस्तीच्या वर्गात होता; १४ मार्च २०१९ रोजी तो पडला आणि पादचारी मृत्युमुखी पडले. तपासणी झाली नव्हती असे नाही. ती कागदावर झाली होती. गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करून नव्याने बांधण्यात आला, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी पातळीतच जुळत नसल्याचे एक बाजू खुली होताना, फेब्रुवारी २०२४ मध्ये, साऱ्या शहराला दिसले. दोन्ही पूल पुढे जोडले गेले. परंतु आराखड्यापासून उद्घाटनापर्यंत ही गोष्ट अधिकृतपणे विचारणारे एकही व्यासपीठ त्या काळात उरले नव्हते, याची नोंद घ्यावी लागते. नगरसेवक हरकतीचा मुद्दा उपस्थित करतो, तेव्हा त्यात राजकारण असते हे खरे. पण त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवावे लागते आणि अधिकाऱ्याला ते पुढे नाकारता येत नाही.

उघड्या गटारांचा विषय तर न्यायालयालाच हाती घ्यावा लागला. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले, तेव्हा शहर हादरले होते. मॅनहोलवर संरक्षक जाळ्या बसविण्याचे काम त्यानंतर सुरू झाले आणि उच्च न्यायालयाने त्याचा वारंवार जाब विचारला. तरीही २५ सप्टेंबर २०२४ च्या पावसात अंधेरीच्या सीप्झ परिसरात एका महिलेचा तसाच मृत्यू झाला. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी उच्च न्यायालयाने खड्डे व उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ही रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करण्याची मुभाही दिली. निष्काळजीपणाचा भाव असा न्यायालयाने ठरवून दिला. जे काम स्थायी समितीने दर आठवड्याच्या बैठकीत करावयाचे, ते न्यायालयाला वर्षानुवर्षे याचिका चालवून करावे लागले.

या साऱ्या घटनांत एक समान धागा आहे. झाकणे, जाळ्या, तपासण्या, परवान्यांची छाननी, मोडकळीस आलेल्या इमारती वेळेत रिकाम्या करणे, हा सगळा महसुली खर्च. तीस वर्षांवरील इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद कायद्यात आहे. अतिधोकादायक इमारतींची यादी दर पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध होते. कुर्ल्याच्या नाईकनगरमध्ये २७ जून २०२२ रोजी इमारत कोसळून १९ जणांचा बळी गेला, ती इमारतही धोकादायक म्हणून आधीच नोंदली गेली होती. अग्निसुरक्षेबाबतही २००६ च्या राज्य कायद्याने मालक व गृहनिर्माण संस्थांवर वर्षातून दोनदा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र देण्याचे बंधन घातले आहे. ते किती संस्था पाळतात, हा प्रश्न आपापल्या इमारतीच्या सचिवांना विचारून पाहण्याजोगा आहे. अशा खर्चाचे भूमिपूजन होत नाही. साहजिकच निवेदनात त्याला दोन-चार ओळी मिळतात आणि उरलेली पाने पूल व बोगदे व्यापतात.

भांडवली खर्च करून उभारलेली यंत्रणा देखभालीत कशी मार खाते, याचे ताजे उदाहरण २६ मे २०२५ चे आहे. मोसमी पाऊस त्या दिवशी मुंबईत विक्रमी लवकर दाखल झाला. हिंदमाता, गांधी मार्केट, चुनाभट्टी, यलोगेट ही नेहमीची ठिकाणे तुंबली. तेथे पाणी उपसण्यासाठी छोटी उदंचन केंद्रे उभारण्यात आलेली होती, पण ती वेळेत पूर्ण क्षमतेने चालली नाहीत. पालिकेने चारही चालकांना प्रत्येकी दहा लाखांचा दंड केला. पंप होते, ते चालू करणारा हात वेळेवर नव्हता. मिठी नदीच्या गाळउपशाचेही तेच. तेथे तर गाळ खरोखर काढला गेला का, यावरच प्रश्नचिन्ह लागले आणि मे २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने ६५ कोटींच्या कथित अपहाराचा गुन्हा नोंदविला.

पर्यावरणाच्या बाबतीत मुंबई पालिकेने कागदावर तरी देशात आघाडी घेतली, हे मान्य केले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये मुंबई वातावरण कृती आराखडा जाहीर झाला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. केंद्र सरकारचे उद्दिष्ट २०७० चे आहे, हे लक्षात घेता हे धाडसच. त्यानंतर ५ जून २०२४ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, पालिकेने स्वतंत्र वातावरण अर्थसंकल्प अहवाल प्रसिद्ध केला. ओस्लो शहराने रुजविलेली ही पद्धत. २०२४-२५ च्या भांडवली खर्चापैकी १० हजार २२४ कोटी, म्हणजे ३२ टक्क्यांहून थोडी अधिक रक्कम, वातावरणविषयक कामांची असल्याचे त्यात दाखविण्यात आले.

हा आकडा वाचताना सावध राहावे लागते. ही रक्कम वेगळी काढून ठेवलेली नाही. मुख्य अर्थसंकल्पात आधीच असलेल्या कामांवर 'वातावरणपूरक' अशी खूण करून केलेली ती बेरीज आहे. पर्जन्य जलवाहिन्या, जलप्रक्रिया, मलनिस्सारण ही कामे पालिकेला तशीही करावीच लागली असती. खूण करण्यात गैर काही नाही. कोणता पैसा कुठे जातो हे कळण्यास तिची मदतच होते. पण ज्या कामांनी हानी होते त्यांवरही खूण असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. वर्सोवा ते भाईंदर या सागरी मार्गासाठी सुमारे ४५ हजार खारफुटीची झाडे तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये परवानगी दिली. अटी आहेत, पर्यायी लागवडही आहे. मात्र भरतीचे पाणी थोपविणारी खारफुटी जाणे आणि पूरनियंत्रणावर हजारो कोटी खर्च होणे या दोन गोष्टी एकाच पालिकेच्या एकाच वहीत समोरासमोर मांडल्या गेल्या, तरच त्या वहीला हिशेब म्हणता येईल.

हवेच्या प्रदूषणाबाबत प्रशासनाने काही कठोर पावले उचलली, हे नमूद करावयास हवे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी धूळनियंत्रणाची नियमावली काढण्यात आली. ३० डिसेंबर २०२४ रोजी गगराणी यांनी भायखळा व बोरिवली पूर्व या भागांतील बांधकामे सरसकट थांबविण्याचे आदेश दिले. एखाद्या लोकनियुक्त सभागृहाला इतका झटपट निर्णय जमला असता का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा लागेल. बांधकाम व्यवसाय आणि नगरसेवक यांचे संबंध मुंबईकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. पण बंदी काही दिवसांनी उठली आणि त्यानंतर नियमांच्या अंमलबजावणीसाठी प्रत्येक विभाग कार्यालयात पुरेशी पथके व वाहने आहेत का, हा मुद्दा पुन्हा महसुली खर्चापाशीच येऊन थांबतो.

सभागृह होते तेव्हा सारे आलबेल होते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. स्थायी समितीतील टक्केवारी हा मुंबईच्या राजकारणातील उघडा विषय होता. कॅगने नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातील सुमारे १२ हजार कोटींच्या कामांचे विशेष लेखापरीक्षण केले आणि मार्च २०२३ मध्ये त्याचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला, तेव्हा निविदेविना दिलेली कामे आणि करारांतील त्रुटी बाहेर आल्या. त्या काळाचा बराचसा भाग सभागृहाच्या अस्तित्वाचा होता. पण प्रशासकीय राजवटीने राजकारण संपले, हाही भ्रमच. नगरसेवक नसताना विकासनिधी आमदार-खासदारांच्या शिफारशीने व पालकमंत्र्यांच्या संमतीने वाटण्याची पद्धत २०२३ मध्ये सुरू झाली आणि सत्ताधारी पक्षांच्या मतदारसंघांना झुकते माप मिळाल्याचा आरोप विरोधकांनी सातत्याने केला. फरक इतकाच की पूर्वी त्यावर सभागृहात गोंधळ होत असे.

जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या २२७ जणांच्या वाट्याला ही परिस्थिती वारशाने आली आहे. बहुतेक मोठ्या प्रकल्पांची कंत्राटे त्यांच्या आगमनापूर्वी दिली गेलेली. ती दप्तरी दाखल करण्याचा किंवा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा प्रश्न आता उरत नाही. देयके भागविणे एवढेच हाती राहते. त्यांना खरी मोकळीक आहे ती महसुली बाजूस, म्हणजे ज्या शीर्षांकडे आजवर कोणाचे लक्ष नव्हते तेथे. पूरनियंत्रणाच्या ज्या आराखड्याची शिफारस १९९३ मध्ये झाली आणि जो २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर खऱ्या अर्थाने हाती घेण्यात आला, त्यातील आठ उदंचन केंद्रांपैकी मोगरा व माहुल ही दोन जागेच्या तिढ्यात वर्षानुवर्षे रखडली. दरवर्षीच्या निवेदनात त्यांचा उल्लेख येत राहिला.

आणि मोठा प्रश्न सात मलजल प्रक्रिया केंद्रांचा आहे. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर व भांडुप येथील या केंद्रांची एकत्रित क्षमता दररोज २ हजार ४६४ दशलक्ष लिटर. जानेवारी २०२३ मध्ये भूमिपूजन झाले तेव्हा खर्च सुमारे १७ हजार २०० कोटी सांगण्यात आला होता. शहराचे सांडपाणी अर्धवट प्रक्रियेनंतर समुद्रात सोडण्याची आजची रीत बंद होण्यासाठी ती हवीतच. पण ती सुरू झाल्यावर वीज, रसायने आणि मनुष्यबळ यांचा खर्च रोजचा असेल आणि तो महसुली बाजूस पडेल. त्या दिवशी ठेवींत किती रक्कम मोकळी असेल आणि मालमत्ता करात वाढ करण्याची तयारी कोणत्या पक्षाची असेल, हे प्रश्न स्थायी समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आत्ताच यावयास हवेत.